प्रवाळबेटांचे कोडे

अथांग महासागरात काही ठिकाणी कंकणाच्या आकाराची बेटे आढळतात. प्रवाळ नावाच्या चिमुकल्या प्राण्यांच्या सांगाड्यांची ती बनलेली असतात. परंतु बेटे बांधणारे प्रवाळ उथळ पाण्यातच जगतात. मग खोल समुद्रात त्यांनी ही बेटे उभारली कशी?

हे कोडे चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने उलगडले. त्याचा जन्म १८०९ साली झाला. ‘बीगल’ जहाजातून प्रवास करीत असता १८३५ मध्ये चिली देशात त्याने मोठा भूकंप अनुभवला. तेथील किनारा काही फूट वर उचलला गेला होता. जमीन वर येते, तसा समुद्राचा तळ खालीही जात असला पाहिजे, असे त्याने ताडले. ज्वालामुखीचे बेट सावकाश बुडते. कडेचे प्रवाळ मात्र वर वाढत राहतात. शेवटी बेट लुप्त होते आणि प्रवाळांचे कडे तेवढे उरते.

१८३६ मध्ये कीलिंग बेटांजवळ चरबी फासलेले शिसे समुद्रात सोडून तळ तपासण्यात आला. उथळ जागी चरबीवर जिवंत प्रवाळांचे ठसे उमटले. खोल जागी नुसती वाळू चिकटून आली. १८४२ साली डार्विनने आपले मत ग्रंथरूपाने मांडले.

पुढे अनेक विद्वानांनी त्याला विरोध केला. वाद मिटण्यापूर्वीच, १८८२ मध्ये, डार्विन निवर्तला. १९५२ साली प्रशांत महासागरातील एनिवेटॉक बेटावर चार हजार फुटांहून खोल छिद्र पाडले, तेव्हा प्रवाळांच्या थरांखाली ज्वालामुखीचा खडक लागला. सत्तर वर्षांनी त्याच्या विचाराला समुद्राच्या तळानेच साक्ष दिली!