पावलांनी नकाशा मोजणारे गुरुजी : पंडित नैनसिंह रावत

नकाशा शिकवताना मुलं हमखास विचारतात की एवढी अंतरं मोजली कुणी? तेव्हा ही गोष्ट जरूर सांगा.

नैनसिंह रावत यांचा जन्म १८३० साली कुमाऊंच्या जोहार खोऱ्यात झाला. ते मिलम गावच्या शाळेत शिक्षक होते, म्हणून त्यांना 'पंडित' म्हणत.

त्या काळी तिबेटमध्ये परक्यांना बंदी होती. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याने १८६३ मध्ये त्यांना डेहराडूनला नेलं आणि चक्क चालायला शिकवलं! चढ असो की उतार, पाऊल एकाच मापाचं. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. पूरी माळ म्हणजे दहा हजार पावलं. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात लपवायचे.

ओळख उघडी पडली तर जिवावर बेतणार होतं. तरी नेपाळमार्गे चालत ते जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. तिथे पैसे संपले, तेव्हा मास्तरकीच कामी आली. व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून त्यांनी दिवस काढले. नकाशावर ल्हासाची जागा नेमकी ठरली ती त्यांच्या मोजणीमुळे. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

आता नकाशा उघडण्याआधी मुलांना वर्गाच्या दारापासून नळापर्यंत पावलं मोजू द्या. दर दहा पावलांना एक चिंचोका खिशात टाकायचा. प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल. मग पाऊल एकाच मापाचं का हवं, हे मुलं आपणहून सांगतील.