हॉकीत थोर कोण? मेजर ध्यानचंद आणि एक न संपणारा वाद

हॉकीचा विषय निघाला की व्यक्ती तितकी मते. वडीलधारी मंडळी ध्यानचंदांचे नाव घेतात आणि वाद मिटला असे समजतात. त्यांच्याहून धाकटे बलबीरसिंगांचा पक्ष घेतात. ज्यांनी टेलिव्हिजनवर खेळ पाहिला ते धनराज पिल्ले यांच्यापुढे कोणाचे ऐकून घेत नाहीत. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हरमनप्रीतसिंगने दहा गोल केले, ते पाहिलेली मुले विचारतात की ज्यांचा खेळ आपण पाहिलाच नाही त्यांना पहिला नंबर का म्हणून द्यायचा?

मुलांचा प्रश्न रास्त आहे. मोठ्यांनी डोळे वटारून त्यांना गप्प बसविल्याने ध्यानचंदांचा मान वाढत नाही. म्हणून आज त्यांचे चरित्र सांगता सांगता या प्रश्नाचेही उत्तर शोधावे असे आम्ही ठरविले आहे.

ध्यानचंदांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबाद येथे झाला. वडील ब्रिटिश अमदानीतील फौजेत नोकरीला होते आणि स्वतःही हॉकी खेळत. फौजेची नोकरी म्हणजे आज या छावणीत तर उद्या त्या छावणीत. त्यामुळे मुलाचे शिक्षण सहा वर्षांतच थांबले. शेवटी कुटुंब झाशीला स्थिरावले. झाशी म्हटले की मराठी माणसाला राणी लक्ष्मीबाई आठवते. हॉकीच्या जगात मात्र त्या गावाची ओळख ध्यानचंदांचे गाव अशी आहे.

लहानपणी त्यांना हॉकीची फारशी गोडी नव्हती, कुस्तीची होती. १९२२ साली वयाच्या सतराव्या वर्षी ते शिपाई म्हणून फौजेत भरती झाले आणि तेथे त्यांच्या हाती खऱ्या अर्थाने स्टिक आली. पलटणीतील तिवारी नावाचे सुभेदार-मेजर हॉकीचे मोठे शौकीन होते. त्यांनी या पोराला खेळाचे पहिले धडे दिले. दिवसा फौजेचे काम असे, म्हणून ध्यानसिंग रात्री चंद्राच्या उजेडात सराव करी आणि त्यावरून सोबत्यांनी त्याला चंद म्हणायला सुरुवात केली, असे सांगतात. ध्यानसिंगाचा ध्यानचंद झाला तो असा.

१९२६ साली हिंदी फौजेचा संघ न्यूझीलंडला गेला, त्यात शिपाई ध्यानचंदांची निवड झाली. संघाने २१ सामने खेळले. त्यांपैकी १८ जिंकले, २ बरोबरीत सुटले आणि एकच गमावला. परत आल्यावर ध्यानचंदांना लान्स नाईकची बढती मिळाली. फौजेतील ही अगदी खालची पायरी होय. परंतु ज्याच्याकडे ना श्रीमंती ना पदवी, त्या तरुणाला हॉकीने वर चढण्याची वाट दाखविली होती.

दोन वर्षांनी, १९२८ साली, भारताचा हॉकी संघ प्रथमच ऑलिंपिकला उतरला. स्पर्धा ॲमस्टरडॅमला होती आणि कर्णधार होते जयपालसिंग. ऑस्ट्रिया, बेल्जियम, डेन्मार्क, स्वित्झर्लंड आणि शेवटी यजमान हॉलंड, अशा पाच संघांना भारताने हरविले. एकंदर २९ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. त्या २९ पैकी १४ गोल एकट्या ध्यानचंदांचे होते. सेंटर फॉरवर्डच्या जागेवर खेळणाऱ्या या तेवीस वर्षांच्याही न झालेल्या जवानाचे नाव युरोपातील वर्तमानपत्रांत झळकले.

१९३२ चे ऑलिंपिक लॉस एंजेलिस येथे झाले. जगभर मंदी होती, प्रवास लांबचा होता, त्यामुळे हॉकीसाठी भारत, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ आले. भारताने जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ असे हरविले. आमच्या वादाच्या दृष्टीने हे ऑलिंपिक फार महत्त्वाचे आहे. त्यात ध्यानचंदांनी १२ गोल केले आणि त्यांचे धाकटे बंधू रूपसिंग यांनी १३. अमेरिकेविरुद्ध तर रूपसिंगांचे १० आणि ध्यानचंदांचे ८ होते. केवळ गोलांची बेरीज करून थोरवी ठरवायची म्हटली, तर त्या स्पर्धेत धाकटा भाऊ मोठ्याला मागे टाकून गेला होता. तरीही रूपसिंगांना ध्यानचंदांच्या वरचा नंबर देणारे फारसे कोणी भेटत नाही. शिवाय हॉकीत अगदी नवख्या असलेल्या संघावर चढविलेले २४ गोल आणि तोडीस तोड संघावर मिळविलेला एक गोल, यांची किंमत सारखी कशी धरायची?

अशा एका गोलाची गोष्ट पुढच्याच वर्षी घडली. १९३३ साली कलकत्त्याच्या बेटन कप स्पर्धेत झाशी हीरोज हा ध्यानचंदांचा गावचा संघ अंतिम सामन्यात पोचला. समोर कलकत्ता कस्टम्स, त्या काळचा बलाढ्य संघ. सामना अटीतटीचा चालला होता. शेवटी ध्यानचंदांनी बचावाची फळी भेदून चेंडू पुढे सोडला, इस्माईल नावाचा त्यांचा सहकारी वाऱ्यासारखा त्यामागे धावला आणि त्याने गोल केला. त्या एका गोलावर झाशी हीरोजने कप जिंकला.

ध्यानचंदांनी १९५२ साली आपले आत्मचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले, त्याचे नाव 'गोल'. आयुष्यातील सर्वांत चांगला सामना कोणता, या प्रश्नाला ते या बेटन कपच्या अंतिम सामन्याचे नाव घेत. वाचकहो, यावर थोडा विचार करावा. ज्या माणसाने ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके मिळविली, त्याला आपला उत्तम सामना वाटला तो गावच्या संघाकडून खेळलेला, आणि त्यातला निर्णायक गोल त्याचा स्वतःचा नव्हता. त्याचा होता तो पास. ध्यानचंदांचे मोजमाप कोणत्या मापाने करावे, हे त्यांनीच आपल्याला सांगून ठेवले आहे असे आम्हांस वाटते.

यानंतर आले १९३६ चे बर्लिन. आता ध्यानचंद कर्णधार होते. स्पर्धेपूर्वी १७ जुलै रोजी जर्मनीबरोबर सरावाचा सामना झाला आणि भारत चक्क ४-१ असा हरला. या पराभवाने संघाची झोप उडाली. तातडीने मायदेशी निरोप गेला आणि दारा नावाच्या खेळाडूला विमानाने बोलावून घेण्यात आले. त्यानंतर भारताने हंगेरीला ४-०, अमेरिकेला ७-० आणि जपानला ९-० असे नमविले. उपान्त्य सामन्यात फ्रान्सवर १० गोल केले. अंतिम सामना पुन्हा जर्मनीशीच होता. १४ ऑगस्टला पाऊस झाल्यामुळे तो दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ ऑगस्टला खेळविला गेला. मैदानात उतरण्यापूर्वी खेळाडूंनी कपडे बदलण्याच्या खोलीत काँग्रेसच्या तिरंग्याला वंदन केले. त्यानंतर बरोबर अकरा वर्षांनी त्याच तारखेला भारत स्वतंत्र झाला.

मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल झाला होता. ओल्या मैदानावर पाय घसरत होते. उत्तरार्धात ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट काढून टाकले आणि खेळाचा रंगच पालटला. आणखी सात गोल झाले आणि जर्मनी ८-१ असा हरला. संबंध स्पर्धेत भारतावर झालेला तेवढा एकच गोल. ज्या संघाने महिन्यापूर्वी आपल्याला हरविले त्याच संघाविरुद्ध, त्याच्याच देशात, प्रेक्षकांपुढे ही किमया झाली. लॉस एंजेलिसच्या २४ गोलांपेक्षा आम्ही बर्लिनच्या या ८ गोलांना कितीतरी अधिक मान देतो.

या सामन्याभोवती पुष्कळ दंतकथा जमल्या आहेत. हिटलरने ध्यानचंदांना आपल्या सैन्यात मोठा हुद्दा देऊ केला आणि त्यांनी तो नाकारला, ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते. हॉलंडमध्ये त्यांची स्टिक मोडून आत लोहचुंबक आहे काय हे पाहिले म्हणतात. व्हिएन्नात त्यांचा चार हातांचा पुतळा असल्याचेही सांगतात. या गोष्टींना त्या काळचा भरवशाचा पुरावा मिळत नाही. मुलांना सांगताना आपण त्या दंतकथा म्हणूनच सांगाव्यात. एखाद्या मुलाने शोध घेतला आणि पुतळा सापडला नाही, तर त्याचा खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडेल. ज्याचे खरे चरित्र एवढे मोठे, त्याला खोट्या दागिन्यांची गरज काय?

पुढे महायुद्ध आले. १९४० आणि १९४४ ही दोन्ही ऑलिंपिके झालीच नाहीत. १९४७ च्या अखेरीस पूर्व आफ्रिकेतील भारतीयांनी भारताच्या संघाला बोलावणे धाडले. त्यात अट अशी होती की ध्यानचंद येणार असतील तरच संघ पाठवावा. दूर देशी राहणाऱ्या आपल्या लोकांना त्यांची केवढी ओढ होती हे यावरून दिसते. ध्यानचंद गेले. वय बेचाळीस, तरी त्या दौऱ्यात त्यांनी साठाच्या आसपास गोल केले. पुढे लवकरच त्यांनी मोठ्या स्पर्धांतून अंग काढून घेतले. १९५६ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. नंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी तरुणांना शिकविले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आम्ही शिक्षक मंडळी वर्गात नंबर लावतो ते कशाच्या आधारावर? सर्व मुलांनी एकच प्रश्नपत्रिका सोडविलेली असते म्हणून. वीस वर्षांपूर्वीच्या मुलाचे गुण आजच्या मुलाच्या गुणांशेजारी मांडून कोणी निकाल लावीत नाही. हॉकीतही प्रश्नपत्रिका बदलत गेली आहे. ध्यानचंद गवतावर खेळले. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदान आले. त्यांच्या वेळी ऑफसाइडचा नियम होता, १९९८ पासून तो कायमचा निघाला. आज पेनल्टी कॉर्नरवर गोल करण्याची खास विद्या निर्माण झाली आहे. पाकिस्तानच्या सोहेल अब्बासने तिच्या बळावर तीनशेहून अधिक आंतरराष्ट्रीय गोल केले. ध्यानचंदांच्या एकूण गोलांची तर सर्वांना मान्य होईल अशी मोजणीच नाही. ऑलिंपिकच्या १२ सामन्यांत त्यांनी तीसहून अधिक गोल केले हे नक्की, पण नेमका आकडा प्रत्येक पुस्तकात वेगळा सापडतो.

मग पदके मोजावीत काय? ध्यानचंदांची तीन सुवर्णपदके आहेत. पण गोलरक्षक रिचर्ड ॲलन यांचीही त्याच तीन ऑलिंपिकांतील तीन आहेत. बलबीरसिंगांची १९४८, १९५२ आणि १९५६ ची मिळून तीन आहेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताच्या १३ गोलांपैकी ९ बलबीरसिंगांचे होते, त्यांतले ५ तर अंतिम सामन्यात. लेस्ली क्लॉडियस आणि उधमसिंग यांना तीन सुवर्ण आणि एक रौप्य अशी चार-चार पदके मिळाली. उलट पुण्याजवळच्या खडकीचे धनराज पिल्ले १९९२ ते २००४ पर्यंत चार ऑलिंपिके खेळले आणि एकही पदक न घेता परतले. म्हणून त्यांना लहान म्हणायचे काय? ज्याने त्यांना चेंडू घेऊन धावताना पाहिले आहे तो असे कधीच म्हणणार नाही.

तेव्हा गोलांनी निकाल लागत नाही आणि पदकांनीही लागत नाही. राहते एकच माप. खेळाडू असताना सोबतच्या दहा जणांचा खेळ किती उंचावला? या मापाने आम्ही ध्यानचंदांना पहिल्या जागी बसवितो. त्यांच्या शेजारी खेळून रूपसिंग दहा गोल करतात, त्यांच्या पासवर इस्माईल कप जिंकून देतात, त्यांच्या हाताखाली हरलेला संघ महिन्याभरात आठ गोल चढवितो. कोणाला हे माप पटणार नाही, त्यांनी दुसरे नाव जरूर घ्यावे. मात्र आपले माप कोणते, ते आधी सांगावे. माप न सांगता केलेला वाद हा नुसता आरडाओरडा होय.

ध्यानचंदांचे अखेरचे दिवस ओढाताणीत गेले. १९७५ साली क्वालालंपूर येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यांचे पुत्र अशोककुमार यांनी पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल केला, तो आनंद त्यांना लाभला. पण पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियलला भारत सातवा आला, तेही त्यांना पाहावे लागले. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. शेवटी ते रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात होते. झाशीत ज्या मैदानावर ते खेळले तेथेच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

मानसन्मान मागाहून आले. १९८० साली टपाल तिकीट निघाले, दिल्लीच्या राष्ट्रीय स्टेडियमला त्यांचे नाव मिळाले, २०२१ साली खेलरत्न पुरस्कारही त्यांच्या नावाचा झाला. त्यांचा जन्मदिवस २९ ऑगस्ट हा भारतात राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळतात. हे सर्व योग्यच झाले. परंतु जिवंतपणी आपण त्या मेजरसाहेबांना काय दिले, हाही प्रश्न नंबर लावणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

जे शिक्षक शाळेचा संघ तयार करतात त्यांना आमची एक नम्र सूचना आहे. गोलांची नोंद आपण वहीत ठेवतोच. तिच्या शेजारी पासचाही एक रकाना आखावा, आणि वर्षाअखेरीस बक्षीस देताना तो आधी वाचावा. ध्यानचंदांचे स्मरण शाळेच्या मैदानावर करण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.