शरण न गेलेला इंका

पेरूचा विजय हा विषय आपल्या पाठ्यपुस्तकांत फार तर एका परिच्छेदात आटोपतो. फ्रान्सिस्को पिझारो १६८ माणसे घेऊन आला. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी काखामार्का येथे त्याने इंका सम्राट अताहुआल्पाला कैद केले. सुटकेची किंमत म्हणून खोलीभर सोने घेतले आणि पुढच्या जुलैत गळा आवळून त्याला ठार मारले. झाले, साम्राज्य बुडाले! वाचणाऱ्याची समजूत अशी होते की, एका संध्याकाळी, एका चौकात हा सगळा खेळ संपला. मला या समजुतीशी भांडायचे आहे. त्यासाठी मी अताहुआल्पाच्या धाकट्या सावत्र भावाचे चरित्र निवडले आहे. त्याचे नाव मांको इंका.

मांकोचा जन्म साधारण १५१५ च्या सुमारास झाला असावा. बाप हुआयना कापाक हा चार प्रांतांच्या त्या विशाल राज्याचा धनी होता. इक्वेडोरपासून चिलीपर्यंत पसरलेल्या या राज्यात चाक नव्हते, लोखंड नव्हते, लिपी नव्हती. पण डोंगर कोरून काढलेले रस्ते होते, त्या रस्त्यांवर टप्प्याटप्प्याने धावणारे जासूद होते, दोऱ्यांच्या गाठींत ठेवलेले हिशेब होते आणि दुष्काळासाठी भरून ठेवलेली कोठारे होती. १५२७ च्या सुमारास एका साथीत हुआयना कापाक मरण पावला. ती साथ देवीची असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. गोरा माणूस राजधानीत पोहोचण्याआधी त्याचा रोग पोहोचला होता! पाठोपाठ नेमलेला वारसही गेला आणि हुआस्कार व अताहुआल्पा या दोन भावांत गादीसाठी युद्ध जुंपले. त्यात अताहुआल्पाच्या सेनापतींनी कुस्को ही राजधानी घेतली आणि हुआस्कारच्या पक्षाच्या राजकुलाची कत्तल केली. विशीही न गाठलेला मांको त्या कत्तलीतून निसटला आणि लपतछपत फिरू लागला.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय त्याचे पुढचे वागणे कळत नाही. नोव्हेंबर १५३३ मध्ये पिझारो कुस्कोच्या वाटेवर असताना हा तरुण राजपुत्र आपण होऊन त्याला भेटायला गेला. आज आपण त्याला देशद्रोही म्हणून मोकळे होऊ. पण त्याच्या जागी उभे राहून पाहा. ज्यांनी त्याच्या आप्तांना मारले, त्या अताहुआल्पाला या परक्यांनी संपवले होते. परके मूठभर होते आणि सोने मिळाले की जातील, असे वाटण्याजोगे होते. पिझारोलाही एक नामधारी इंका हवाच होता. त्याने आधी बसवलेला तुपाक हुआल्पा आजारी पडून मेला होता. त्या डिसेंबरात मांकोच्या कपाळावर राजचिन्हाची लाल झालर बांधली गेली. किसकिस या अताहुआल्पाच्या सेनापतीला हुसकावताना मांकोचे सैन्य स्पॅनिशांच्या खांद्याला खांदा लावून लढले. सूड पुरा झाला. मग मांकोच्या लक्षात आले की, पाहुणे जाण्यासाठी आलेले नाहीत.

जानेवारी १५३५ मध्ये पिझारोने समुद्रकाठी लिमा हे नवे शहर वसवले आणि कुस्को आपल्या भावांच्या हाती सोडले. हुआन आणि गोंझालो हे ते दोघे भाऊ. इंका दिसला की सोने माग, एवढाच त्यांचा राज्यकारभार. दिलेले सोने संपले की पुन्हा मागणी. गोंझालोने तर मांकोची राणी कुरा ओक्यो हिलाच मागितले. १५३५ च्या अखेरीस मांकोने पळून जाण्याचा प्रयत्न केला. तो पकडला गेला. गळ्यात साखळदंड घालून त्याला कोंडण्यात आले आणि पहाऱ्यावरच्या शिपायांनी त्याची अशी विटंबना केली की, ती इथे लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही. सूर्यपुत्र म्हणून ज्याच्या नजरेला नजर द्यायची नाही, त्या पुरुषाची ही गत कुस्कोतली प्रजा पाहत होती.

तिसरा भाऊ एर्नांदो स्पेनहून परतला आणि त्याने धोरण म्हणून मांकोला मोकळे केले. मांकोने हा मोका अचूक साधला. आपल्या बापाची सोन्याची मूर्ती आणून देतो, असे सांगून १८ एप्रिल १५३६ रोजी तो मुख्य पुरोहित वियाक उमु याच्यासह शहराबाहेर पडला. सोन्याच्या नावावर एर्नांदोने त्याला जाऊ दिले. वेळही त्याने नेमकी निवडली होती. पिझारोचा भागीदार अल्माग्रो सुमारे पाचशे स्पॅनिश शिपाई घेऊन आदल्या वर्षीच चिलीकडे गेला होता. कुस्कोत उरले होते दोनशेच्या आत स्पॅनिश, त्यांतले घोडेस्वार सुमारे ऐंशी. आणि शत्रूच्या डोळ्यांदेखत, त्याला सुगावा लागू न देता, मांकोने देशभर जासूद धाडून सैन्य गोळा केले होते. एके सकाळी कुस्कोच्या भोवतालच्या टेकड्या माणसांनी काळ्या दिसू लागल्या. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे हा आकडा लाखाच्या वर होता. आकड्याविषयी कोणी वाद घालो, पण हे सैन्य प्रचंड होते यात शंका नाही.

६ मे १५३६ रोजी हल्ला झाला. गोफणीचे दगड विस्तवात लाल करून, कापसात गुंडाळून शहरावर फेकण्यात आले. कुस्कोची छपरे गवताची. आपल्याच पूर्वजांची राजधानी आपल्याच हातांनी पेटवताना त्या माणसांना काय वाटले असेल, याचा विचार करून मी पुस्तक मिटून बसलो होतो. घोड्यांच्या पायांत अडकवण्यासाठी टोकांना दगड बांधलेल्या दोऱ्या फेकल्या गेल्या, वाटेत खड्डे खणले गेले. शहरावरचा साक्सायवामान हा दगडी गड इंकांच्या हाती होता. तो परत घेताना हुआन पिझारोच्या डोक्यात धोंडा बसला आणि तो मेला. जबड्याच्या जुन्या जखमेमुळे त्याने शिरस्त्राण घातले नव्हते. पण गड पडला. बुरुजावर एकट्याने लढणाऱ्या एका इंका सरदाराने शेवटी पकडले जाण्यापेक्षा खाली उडी घेतली.

तरीही वेढा उठला नाही. किसो युपांकी या मांकोच्या सेनापतीने कुस्कोच्या मदतीला निघालेल्या स्पॅनिश तुकड्या एकामागून एक डोंगरी खिंडीत गाठून वरून शिळा लोटल्या आणि कापून काढल्या. शंभराहून कितीतरी अधिक स्पॅनिश त्यात मेले. काखामार्कात १६८ जणांनी साम्राज्य जिंकले म्हणून जे सांगितले जाते, त्याच्या शेजारी ही संख्या ठेवून पाहावी. आणि ओयान्तायताम्बो! तिथे एर्नांदो मांकोवर चालून गेला, तेव्हा पायऱ्यापायऱ्यांच्या तटावरून बाणांचा वर्षाव झाला आणि मांकोने नदीचे पाणी पाट फोडून खालच्या मैदानात सोडले. घोड्यांच्या पोटापर्यंत पाणी चढू लागले. स्पॅनिशांना रात्री माघार घ्यावी लागली. या लढाईत मांको स्वतः घोड्यावर बसून, हातात भाला घेऊन आपल्या फौजेत फिरत होता. चार वर्षांपूर्वी या देशात कोणी घोडा पाहिला नव्हता.

मग हरले कुठे? ऑगस्ट १५३६ मध्ये किसो युपांकी लिमावर चालून गेला. मैदानात घोडदळापुढे डोंगरी पायदळाचा निभाव लागला नाही आणि तो अग्रभागी असताना मारला गेला. पण माझ्या मते खरे उत्तर घोड्यांत नाही. लिमा वाचवायला कोण धावले? वाय्लास प्रांताचे लोक. पिझारोच्या घरात असलेली इंका राजकन्या त्या प्रांताच्या एका नायिकेची मुलगी होती आणि त्या आईने जावयासाठी सैन्य पाठवले. कुस्कोत स्पॅनिशांच्या बाजूने कोण लढले? कान्यारी, चाचापोया, ज्यांना इंकांनी दोन पिढ्यांपूर्वी चिरडून ताबेदार केले होते असे लोक. इंकांचे साम्राज्य पुरते शंभर वर्षांचेही नव्हते आणि जिंकलेल्यांच्या जखमा ओल्या होत्या. दुसरी गोष्ट पेरणीची. मांकोचे सैनिक हे शेतकरी होते. पेरणीचे दिवस आले की वेढ्यातली माणसे गावाकडे पांगत. नाहीतर पुढच्या वर्षी खायचे काय? स्पॅनिशांना शेत नांगरायचे नव्हते.

इतिहासात जर-तरला स्थान नाही, असे म्हणतात. मला ते तितकेसे पटत नाही. पेरूच्याच दक्षिणेला मापुचे लोकांनी हे ‘तर’ करून दाखवले. त्यांनी १५५३ मध्ये वाल्दिव्हिया या स्पॅनिश गव्हर्नराला ठार मारले, घोडे आपलेसे केले आणि १६४१ च्या तहात बिओबिओ नदीची हद्द स्पेनकडून मान्य करवून घेतली. त्यांना राजा नव्हता, राजधानी नव्हती. म्हणून पकडायला कोणी सापडत नव्हता. वाय्लास आणि कान्यारी मांकोच्या बाजूने उभे राहिले असते, तर १५३६ च्या हिवाळ्यात पेरूत समुद्रकाठच्या एखाद्या ठाण्यापलीकडे स्पॅनिश उरले नसते, असे मला वाटते. त्यानंतर नवी जहाजे आली असती, हे खरे. पण तोवर घोडा आणि तलवार समोरच्याच्याही हातात असती.

असो. १५३७ मध्ये अल्माग्रो चिलीहून रिकाम्या हाती परतला, त्याने कुस्को बळकावले आणि एर्नांदोलाच तुरुंगात टाकले. गोरे आपसांत लढू लागले; पण मांकोचे सैन्य तोवर विरले होते आणि त्याचा भाऊ पाउयु अल्माग्रोच्या हातून झालर बांधून घेऊन नवा इंका झाला होता. भाऊबंदकी काही सुटली नाही! मांको आंदिजच्या पलीकडच्या उतारावर, विटकोस आणि विल्काबाम्बाच्या दाट अरण्यात गेला आणि तिथून गनिमी काव्याने वाटा अडवू लागला. १५३९ मध्ये गोंझालो मोठी फौज घेऊन आत शिरला. मांको नदी पोहून निसटला, राणी कुरा ओक्यो मात्र सापडली. मांको शरण येत नाही म्हणून फ्रान्सिस्को पिझारोने तिला खांबाला बांधून बाणांनी मारवले आणि तिचे प्रेत टोपलीत घालून नदीत सोडले. प्रवाहाच्या खालच्या अंगाला तिच्या नवऱ्याच्या माणसांना ते सापडावे म्हणून. वियाक उमुला जाळण्यात आले.

मांकोच्या शेवटाविषयी मला सर्वांत जास्त चुटपूट लागते. अल्माग्रोला पिझारोच्या पक्षाने १५३८ मध्ये मारले, पिझारोला अल्माग्रोच्या पक्षाने १५४१ मध्ये. पुढच्या वर्षी पराभूत झालेल्या अल्माग्रोपक्षाचे काही जण जीव वाचवण्यासाठी विटकोसला आले. पिझारोचे शत्रू म्हणून मांकोने त्यांना आसरा दिला, घरे दिली, जेवू घातले, आणि त्यांच्याकडून शस्त्रे व घोडा यांचे शिक्षण घेतले. १५४४ साली, नव्या व्हाइसरॉयकडून माफी मिळेल या आशेने, एका दुपारी लोखंडी कड्या फेकण्याचा खेळ चालू असताना त्यांनी यजमानाला पाठीमागून भोसकले. मांकोचा लहान मुलगा तितु कुसी तिथेच होता. तोही जखमी झाला, पण झुडपात लपून वाचला. मारेकरी फार दूर गेले नाहीत. मांकोच्या माणसांनी त्यांना वाटेतच गाठून ठार केले. मांको तीन दिवसांनी गेला. वय असेल तिशीच्या आत-बाहेर.

हा तितु कुसी पुढे स्वतः इंका झाला आणि १५७० साली त्याने आपल्या बापाची हकीकत सांगून लिहवून घेतली. जिंकलेल्यांच्या बखरी पुष्कळ असतात. हरलेल्या घरातली अशी एखादीच हाती लागते. विल्काबाम्बा मांकोनंतर अठ्ठावीस वर्षे टिकले. १५७२ मध्ये स्पॅनिश फौज पोहोचली, तेव्हा रहिवाशांनी गाव आपल्या हातांनी पेटवून दिले होते. मांकोचा शेवटचा गादीवरचा मुलगा तुपाक अमारू याला पकडून आणून त्याच वर्षी २४ सप्टेंबरला कुस्कोच्या चौकात त्याचा शिरच्छेद करण्यात आला.

गाव मग अरण्याने गिळले. १९११ मध्ये हिराम बिंगहॅम एस्पिरितू पांपा नावाच्या जागी पोहोचला, तेव्हा झाडामुळांत त्याला काही भिंती दिसल्या आणि त्यांच्या जवळ स्पॅनिश पद्धतीची भाजलेली कौले पडलेली दिसली. इंकांची घरे गवताने शाकारलेली असतात, म्हणून तो कोड्यात पडला आणि पुढे माचू पिक्चूलाच मांकोची राजधानी समजत राहिला. १९६४ मध्ये जीन सॅव्हॉय पुन्हा तिथे गेला, तेव्हा त्या कौलांवरूनच त्याने गाव ओळखले. कुस्कोची छपरे पेटलेली पाहणाऱ्यांनी अरण्यात जाऊन आपल्या घरांवर कौले चढवली होती.