आधी जमीन, मग आकाश

रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावरून एखाद्या स्वच्छ संध्याकाळी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ठळक ताऱ्यासारखे सरकताना दिसते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते दीड तासात पृथ्वीची फेरी करते. जमिनीवरच्या एका अँटेनाच्या टप्प्यात ते जेमतेम दहा मिनिटे राहते. आत तर जिवंत माणसे! त्यांची खबर सतत मिळायची, तर ठिकठिकाणी भूकेंद्रे हवीत आणि वर संदेश पुढे पोचवणारे उपग्रहही. म्हणूनच अवकाशाची गोष्ट निघाली, की मला डॉ. विक्रम साराभाई आठवतात. त्यांनी सुरुवात जमिनीपासून केली.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादेतील गिरणीमालकाच्या घरात त्यांचा जन्म झाला. महायुद्धामुळे केंब्रिजहून परतल्यावर त्यांनी बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांचा अभ्यास केला. १९४७ मध्ये अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली. १९६२ मध्ये अवकाश संशोधनाच्या राष्ट्रीय समितीची धुरा त्यांच्याकडे आली.

अग्निबाणांसाठी चुंबकीय विषुववृत्ताजवळची जागा हवी होती. ती सापडली केरळात, थुंबा या मच्छीमारांच्या गावी. पण तिथे चर्च होते, वस्ती होती. साराभाईंनी बिशपांची भेट घेतली, बिशपांनी गावकऱ्यांना विचारले आणि गावाने जागा दिली. समुद्राकाठचे घर सोडणे म्हणजे काय, हे कोकणच्या माणसाला सांगायला नको. त्या चर्चमध्ये शास्त्रज्ञांचे काम सुरू झाले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला.

आपला उपग्रह अजून कागदावरही नव्हता, तेव्हा १९६७ मध्ये त्यांनी अहमदाबादेत प्रायोगिक भूकेंद्र उभे करून माणसे तयार केली. १९७१ मध्ये नारायणगावजवळच्या आर्वीला मोठे भूकेंद्र झाले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला कोवलमला साराभाई गेले, अवघ्या बावन्नाव्या वर्षी. १९७५ चा ‘आर्यभट’ त्यांनी पाहिला नाही. आर्वीच्या केंद्राला मात्र ‘विक्रम’ हे नाव मिळाले.

१९८४ मध्ये राकेश शर्मा, २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात राहून आले. दोन्ही वेळा जमिनीवरची मुख्य यंत्रणा परक्यांची होती. २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट भारताने ठेवले आहे. ते साधायचे, तर वरच्या माणसांचा जीव सांभाळणारी जमीनही आपल्याला तयार करावी लागेल. आणि कुणाची जमीन लागलीच, तर साराभाईंसारखे आधी त्याच्या दारी जाऊन विचारावे लागेल.