हिदेत्सुगु यागी

हिदेत्सुगु यागी (जन्म : २८ जानेवारी १८८६, ओसाका, मृत्यू : १९ जानेवारी १९७६) हे जपानी विद्युत अभियंते, संशोधक व प्राध्यापक होते. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण पकडण्यासाठी घरांच्या गच्चीवर माशाच्या काट्यासारखा दिसणारा जो ॲल्युमिनियमचा अँटेना उभा असे, तो त्यांच्याच नावाने यागी अँटेना म्हणून जगभर ओळखला जातो. या अँटेनाच्या घडणीत त्यांचे सहकारी शिंतारो उदा (१८९६–१९७६) यांचा वाटा मोठा असल्यामुळे यागी-उदा अँटेना हेच त्याचे न्याय्य नाव होय. हा शोध ज्या देशात लागला, त्या देशाने त्याची दखल सर्वांत उशिरा घेतली.

शिक्षण आणि परदेशवास

यागी यांनी १९०९ मध्ये तोक्यो शाही विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली व पुढे सेंदाई येथे अध्यापन सुरू केले. १९१३ मध्ये ते उच्च अभ्यासासाठी युरोपला गेले. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे त्यांनी हाइन्रिख बार्कहाउझेन यांच्या हाताखाली विद्युतलहरींच्या निर्मितीचा अभ्यास केला. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटल्यावर जपानी नागरिकाला जर्मनीत राहणे शक्य नव्हते. त्यामुळे ते लंडनला गेले आणि निर्वात नलिकेचे जनक जॉन ॲम्ब्रोझ फ्लेमिंग यांच्याकडे काम करू लागले. त्यानंतर अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पियर्स यांच्या सहवासात काही काळ घालवून ते १९१६ मध्ये स्वदेशी परतले. युद्धाने त्यांचा अभ्यासक्रम विस्कटला खरा. पण त्यामुळेच एका प्रवासात तीन देशांतील बिनतारी संदेशवहन त्यांना जवळून पाहता आले.

सेंदाई येथील संशोधन

१९१९ मध्ये तोहोकु शाही विद्यापीठात अभियांत्रिकी विभाग सुरू झाला आणि यागी तेथे प्राध्यापक झाले. त्या काळी बिनतारी संदेशवहनात लांब तरंगलांबीच्या लहरी वापरण्याची पद्धत रूढ होती. यागी यांनी मात्र अत्यंत आखूड लहरींकडे लक्ष वळवले. लहर जितकी आखूड, तितकी ती दिव्याच्या झोताप्रमाणे एका दिशेला वळवणे सोपे, हे त्यामागचे सूत्र होते. या कामाला सेंदाईतील सैतो होओन काई या स्थानिक प्रतिष्ठानाने आर्थिक साहाय्य दिले. त्यांच्याच विभागात किंजिरो ओकाबे यांनी मॅग्नेट्रॉन या नलिकेत महत्त्वाची सुधारणा केली.

अँटेनाच्या कल्पनेचा उगम एका विद्यार्थ्याच्या प्रयोगात असल्याचे सांगितले जाते. प्रक्षेपकाजवळ ठेवलेल्या धातूच्या कड्यामुळे मापनात अनपेक्षित फरक पडत होता. असा फरक बहुतेक ठिकाणी उपकरणाचा दोष म्हणून सोडून दिला जातो. यागी यांनी तो सोडला नाही. जोडणी नसलेला धातूचा तुकडाही लहरींना दिशा देऊ शकतो, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्याचा पद्धतशीर छडा लावण्याचे काम उदा यांच्याकडे आले. दांड्यांची लांबी, त्यांची संख्या आणि त्यांतील अंतर यांत पुन्हा पुन्हा बदल करून उदा यांनी मोजमापे घेतली. फेब्रुवारी १९२६ मध्ये दोघांच्या नावाने पहिला संक्षिप्त इंग्रजी निबंध जपानच्या शाही अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. १९३० च्या दशकाच्या आरंभी साकाता बंदर आणि समुद्रातील तोबिशिमा बेट यांना जोडण्यासाठी हाच अँटेना वापरण्यात आला.

अँटेनाची रचना आणि घरगुती उपयोग

यागी-उदा अँटेनात एका आडव्या नळीवर अनेक समांतर दांडे बसवलेले असतात. त्यांपैकी वायर फक्त एकालाच जोडलेली असते. या दांड्याची लांबी लहरीच्या सुमारे निम्मी असते आणि बहुधा तो लांबट कड्यासारखा दुमडलेला असतो. त्याच्या मागचा दांडा थोडा लांब असतो, त्याला परावर्तक म्हणतात. पुढचे दांडे थोडे आखूड असतात, ते दिग्दर्शक होत. परावर्तक आणि दिग्दर्शक कशालाही जोडलेले नसतात. आलेल्या लहरीमुळे त्यांत विद्युतप्रवाह निर्माण होतो व ते स्वतः लहरी सोडू लागतात. लांबी आणि अंतर नेमके असेल, तर या लहरी पुढच्या दिशेने एकमेकींना बळ देतात व मागच्या दिशेने एकमेकींना मारतात. वीज न खर्चता, केवळ मोजून कापलेल्या नळ्यांच्या साहाय्याने संदेश बळकट करणारे इतके स्वस्त साधन विरळाच.

दाट वस्तीत आणि बहुमजली इमारतींत या दिशादर्शक गुणाचा विशेष उपयोग होतो. मनोऱ्याकडून येणारी लहर थेट येते, तशीच ती समोरच्या इमारतीवर आपटूनही येते. आपटून आलेली लहर किंचित उशिरा पोहोचल्यामुळे जुन्या संचांवर एका माणसाशेजारी त्याची फिकट छाया दिसत असे. अशा वेळी अँटेना उंच नेण्यापेक्षा थोडा फिरवणे अधिक गुणकारी ठरते. कारण बाजूने व मागून येणाऱ्या लहरी तो फारशा घेत नाही. संदेशच क्षीण असेल तर पडद्यावर मुंग्या दिसतात. त्यावर अनेक जण बूस्टर लावत, पण बूस्टर संदेशाबरोबर गोंगाटही वाढवतो, म्हणून तो लांबलचक केबलीच्या शेवटी, संचाजवळ, लावण्याऐवजी अँटेनाजवळ लावणे योग्य. सदनिकेच्या आत सिमेंटमधील लोखंडी सळ्या लहरी अडवतात. गच्ची उपलब्ध नसल्यास मनोऱ्याच्या दिशेची खिडकी किंवा सज्जा ही त्यातल्या त्यात चांगली जागा. मनोरा आडव्या दांड्यांच्या लहरी सोडत असेल, तर घरचे दांडेही आडवेच हवेत.

आकाराचे गणितही सोपे आहे. ६० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी ५ मीटर असते. म्हणून तिच्यासाठी जवळजवळ अडीच मीटरचा दांडा लागतो, आणि तो गच्चीवरच शोभतो. ६०० मेगाहर्ट्‌झला तोच दांडा सुमारे २५ सेंटिमीटरचा होतो व अनेक दांड्यांचा अँटेना सज्जाच्या कठड्यावर सहज मावतो.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. त्यानंतर चाळींच्या कौलांवर आणि इमारतींच्या गच्च्यांवर याच अँटेनांचे रान माजले. एकाने वर अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने खिडकीतून चित्र दिसते की नाही ते ओरडून सांगायचे, आणि नेमक्या दिशेला आणलेला अँटेना कावळ्याने बसून पुन्हा हलवायचा, हा त्या पिढीचा अनुभव आहे. ज्याच्या नावाचे यंत्र आपण फिरवत आहोत, तो गृहस्थ त्या वेळी तोक्योत हयात होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

श्रेयाचा प्रश्न

जपानमधील एकस्वासाठी १९२५ मध्ये केलेला अर्ज एकट्या यागी यांच्या नावाने होता. अमेरिकेतील एकस्वही त्यांच्याच नावाने १९३२ मध्ये मिळाले व त्याचे हक्क आरसीए कंपनीकडे गेले. उदा यांचे सविस्तर निबंध जपानी भाषेत असल्याने परदेशात वाचले गेले नाहीत. १९२८ मध्ये यागी यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली आणि त्याच वर्षी तेथील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा इंग्रजी निबंध प्रसिद्ध झाला. त्यात उदा यांच्या कामाचा स्पष्ट उल्लेख आहे, परंतु लेखक म्हणून नाव एकट्या यागी यांचे. वाचकांच्या तोंडी तेवढेच नाव बसले. यागी यांनी सहकाऱ्याचे श्रेय लपवले असे म्हणता येत नाही. मात्र एकस्वावर दुसरे नाव घालणे त्यांच्या हाती होते आणि ते त्यांनी घातले नाही, हेही खरे. उदा १९५० च्या दशकात युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम करत होते. अँटेनाच्या नावात त्यांचे नाव पुढे हळूहळू रूढ झाले.

ओसाका विद्यापीठ

१९३० च्या दशकात यागी ओसाका शाही विद्यापीठात भौतिकी विभागाचे प्रमुख झाले. तरुण हिदेकी युकावा त्याच विभागात होते. शोधनिबंध लिहीत नाहीत म्हणून यागी यांनी त्यांची चांगलीच कानउघाडणी केली होती. मेसॉनविषयीचा युकावा यांचा निबंध १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यासाठी १९४९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

युद्धकाळ

स्वतःहून लहरी सोडणे म्हणजे शत्रूला आपला ठावठिकाणा कळवणे, असा समज जपानी आरमारात प्रबळ होता. त्यामुळे यागी अँटेनाकडे लष्कराने फारसे पाहिले नाही. ब्रिटन आणि अमेरिका यांनी मात्र तो रडारसाठी सर्रास वापरला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याच्या हाती ब्रिटिश रडार सामग्रीबरोबर एका तंत्रज्ञाची टिपणवही लागली. तीत यागी हा शब्द वारंवार येत होता. तो इंग्रजी शब्द असावा या समजुतीने अधिकारी त्याचा अर्थ शोधत राहिले. अखेर वहीच्या मालकाकडूनच त्यांना कळले की, ते जपानी प्राध्यापकाचे नाव आहे. हिरोशिमावर टाकलेल्या अणुबाँबची उंची मोजणाऱ्या उपकरणालाही याच रचनेचे छोटे अँटेना बसवलेले होते.

यागी १९४२ ते १९४४ या काळात तोक्यो तंत्रज्ञान संस्थेचे अध्यक्ष होते. डिसेंबर १९४४ मध्ये त्यांची शासनाच्या तंत्रज्ञान मंडळाच्या प्रमुखपदी नियुक्ती झाली. आत्मघातकी विमानहल्ले सुरू झाले होते. १९४५ च्या आरंभी संसदेत नव्या शस्त्रांविषयी प्रश्न विचारला गेला. यागी यांनी उत्तरात असे सांगितले की, वापरणाऱ्याचा जीव न घेता लक्ष्य गाठणारे शस्त्र देणे हे तंत्रज्ञांचे कर्तव्य होते. ते पार पाडण्याआधीच तरुणांना मरणाकडे पाठवावे लागले याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. शत्रूच्या बळाचे वर्णन आणि विजयाच्या घोषणा अपेक्षित असलेल्या सभागृहात अनेकांना अश्रू आवरले नाहीत. मे १९४५ मध्ये त्यांनी ते पद सोडले.

उत्तरायुष्य

१९४६ मध्ये ते ओसाका विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. परंतु युद्धकाळातील पदामुळे त्याच वर्षाअखेर त्यांना सार्वजनिक पदांपासून दूर करण्यात आले. १९५२ मध्ये त्यांच्या नावाची अँटेना बनवणारी कंपनी स्थापन झाली. फेब्रुवारी १९५३ मध्ये जपानमध्ये नियमित दूरचित्रवाणी प्रक्षेपण सुरू झाले आणि स्वतःच्या देशातील छपरांवर हा शोध पहिल्यांदाच मोठ्या संख्येने दिसू लागला. तोवर त्याला पंचवीसहून अधिक वर्षे लोटली होती व जपानी एकस्वाची मुदतही संपली होती. त्याच वर्षी यागी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेले. पुढे ते मुसाशी तंत्रज्ञान संस्थेचे अध्यक्ष झाले. १९५६ मध्ये त्यांना संस्कृती सन्मान हा जपानचा मोठा नागरी बहुमान मिळाला.

यागी यांचे निधन जानेवारी १९७६ मध्ये, तर शिंतारो उदा यांचे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाले. १९९५ मध्ये विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने तोहोकु विद्यापीठातील या संशोधनाची नोंद अभियांत्रिकीच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून केली.