वेतन सोडलेला धर्मप्रचारक

धर्मप्रसाराविषयी आपल्याकडे वाद निघाला की तो बहुधा दोन टोकांना जातो. एका पक्षाला त्यात केवळ प्रलोभन दिसते, दुसऱ्याला केवळ सेवा. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र या दोन्ही पक्षांची अडचण करणारे आहे. फुलामुलांचे कवी म्हणून ते मराठी वाचकाला परिचित आहेत. परंतु स्वतःला पटलेला धर्म दुसऱ्यापर्यंत कोणत्या मार्गाने न्यावा, या प्रश्नाशी त्यांनी आयुष्याची अखेरची चोवीस वर्षे झुंज दिली, याचे स्मरण क्वचितच केले जाते.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, चित्पावन ब्राह्मण कुटुंबातला. आई लवकर गेली, वडिलांचा स्वभाव कडक. नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे एका ठिकाणी स्थिर न होता ते गावोगाव फिरत राहिले. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला एकत्र बांधील असा धर्म कोणता, हा त्यांच्या मनातील मूळ प्रश्न होता. नागपुराहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. गिरिप्रवचनापाशी टिळक थांबले आणि त्यातून सुटले नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ज्याला स्वतःला धर्म मिळाला तो प्रवासात, अनोळखी माणसाकडून, कोणत्याही मोबदल्यावाचून. पण तोच धर्म घरात सांगण्याची वेळ आली तेव्हा मात्र मोठी किंमत मोजावी लागली, आणि ती प्रथम मोजली त्यांच्या पत्नीने. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा हयात असून दुरावलेला, पदरी लहान मूल, भोवती हळहळणारे आणि टोचून बोलणारे लोक, अशा स्थितीत त्यांनी पंढरपुरात दिवस कंठले. टिळकांनी संबंध तोडला नाही आणि आपला धर्म त्यांच्यावर लादलाही नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सांभाळले होते. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, याचा त्यांनी स्वतःच्या बुद्धीने विचार केला आणि स्वतःच्या गतीने उत्तर शोधले. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली, म्हणजे पतीनंतर पाच वर्षांनी.

या कथेत टिळकांना निर्दोष ठरविण्याचे कारण नाही. ते शीघ्रकोपी होते, हातातला पैसा क्षणात दुसऱ्याला देऊन टाकणारे होते, आणि संसाराचा ताळमेळ घालण्याचे काम त्यांनी पत्नीवर सोडले होते. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त हे सारे निर्मळ विनोदाने, पण काहीही न लपविता आले आहे. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. पतीची आज्ञा हाच पत्नीचा धर्म मानला जाण्याच्या त्या काळात टिळकांनी श्रद्धेच्या बाबतीत आज्ञा केली नाही, वाट पाहिली.

घराबाहेरचा प्रश्न निराळा होता. १८३१ पासून अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. शाळा, दवाखाने, अनाथांचा सांभाळ ही कामे परदेशातून येणाऱ्या पैशावर चालत. त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. भुकेल्याला अन्न देणे हे कर्तव्यच होते. पण जो हात अन्न देतो तोच धर्मही सांगू लागला, तर ऐकणाऱ्याच्या होकारात श्रद्धा किती आणि गरज किती, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. शिवाय सांगणाराही पगारी. त्याच्या शब्दाचे मोल लोक त्याच्या वेतनावरून करणार, हे ओघानेच आले. १९०४ साली दीक्षित धर्मोपदेशक झालेल्या टिळकांना हे शल्य सतत बोचत राहिले.

त्यावर त्यांनी शोधलेला पहिला उपाय भाषेचा होता. परकीय चालींवर बसविलेली भाषांतरित गीते मराठी कानाला उपरी वाटत. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन हे संतांचे मार्ग स्वीकारले. तुकोबांच्या वाणीनेच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, अशी त्यांची भावना होती. त्यांनी शेकडो भक्तिगीते रचली. ती मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. त्यांच्या घराचे दार मात्र धर्म विचारून उघडत नव्हते. बालकवी ठोमरे नगरला त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. त्यांनी धर्म बदलला नाही आणि त्यामुळे त्या घरचे प्रेमही उणावले नाही.

दुसरा उपाय अधिक कठीण होता. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी आणि वेतन सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना होती. पंचावन्नाव्या वर्षी निश्चित उत्पन्न सोडणे सोपे नव्हते. त्याचा भार पुन्हा घरावरच पडला. प्रयोगाला पुरेसा अवधीही मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दफन न करता दहन करण्यात आले.

दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. संस्थेला पैसा लागतो, आणि पैसा आला की त्याच्याबरोबर दात्याचे वर्चस्व येते, हा पेच टिळकांना सोडविता आला नाही. तो अद्याप कोणत्याच धर्मातील संस्थांना पूर्णपणे सुटलेला नाही. मात्र टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे नेले ते लक्ष्मीबाईंनी. ज्यांच्यावर धर्म लादला गेला नव्हता त्यांनीच तो आपला म्हणून, आपल्या ओवीत, चरित्रनायकाच्या मृत्यूनंतरही सांगितला. प्रलोभनाने किंवा धाकाने मिळविलेल्या अनुयायाकडून एवढे काम होत नाही. धर्मप्रसाराची कसोटी अनुयायांच्या शिरगणतीत शोधणाऱ्यांनी, मग ते त्याचे समर्थक असोत की विरोधक, टिळकांच्या घरातील त्या पाच वर्षांचा विचार अवश्य करावा.