कावसजीचे नाक आणि आपल्या हिरड्या

शल्यचिकित्सेच्या इतिहासात नाव राहिलेला कावसजी डॉक्टर नव्हता, रुग्ण होता. शेतकरी कुळातला हा मराठा टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत असे. १७९२ मध्ये तो कैद झाला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे कंपनीने त्याला पेन्शन दिली, पण नाकाविना त्याला वर्षाहून अधिक काळ काढावा लागला.

मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नाक बसवून दिले. नाकाच्या मापाचे पातळ मेण कपाळावर पसरायचे, कडेने रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवायची, अशी ती रीत होती. दोन डोळ्यांमधला चिंचोळा पट्टा मात्र जोडलेलाच ठेवत. त्यातून रक्त मिळे, म्हणून कातडी जगे. जुन्या जखमेची कड तासून त्यावर ती वळवून बसवत आणि कात लावलेल्या पट्ट्यांनी धरून ठेवत. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. नाक रुजले, की सुमारे २५व्या दिवशी पट्टा कापत. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकिगत कावसजीच्या चित्रासह छापली. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया केली. त्या हकिगतीत कारागिराचे नाव मात्र नाही.

आज हिरडी फार सरकून दाताचे मूळ उघडे पडले, तर दंतवैद्य टाळूच्या वरच्या थराखालचा छोटा तुकडा काढून मुळावर बसवतात आणि हिरडी ओढून बारीक टाके घालतात. तत्त्व तेच: रक्त मिळाले तर तुकडा जगतो. मात्र या तुकड्याला कावसजीसारखा पट्टा नसतो. नव्या रक्तवाहिन्या शिरेपर्यंत तो भोवतालच्या हिरडीतून झिरपणाऱ्या द्रवावर तगतो. तो हलला, तर त्या नाजूक वाहिन्या तुटतात. म्हणून ओठ ओढून टाके पाहू नयेत, डॉक्टर सांगेपर्यंत तिथे ब्रश लावू नये. विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद ठेवावी.

गडमुडशिंगी असो वा कोल्हापूर शहर, दात शिवशिवले की मिश्री लावून दिवस ढकलणारे बरेच आहेत. दोन दातांमधले हाड झिजले, तर कलम करूनही मूळ पुरते झाकता येत नाही. त्याआधीच दंतवैद्याला दाखवा.